अकरा पावलांवरची ऊब

उकळत्या पाकात थर्मामीटर घालणाऱ्या माणसाला गुऱ्हाळवाले आप्पा गुळव्या मानत नसत. खरं तर माणूसही मानत नसत. एकदा गुळाचा अभ्यास करायला कुणी साहेब खुटबावला आले होते. त्यांनी बॅगेतून काचेची लांब नळी काढून काहिलीवर धरली, तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "पाकाला ताप आलाय व्हय, सायेब?" साहेबांनी नळी मुकाट्याने परत ठेवली. मग आप्पांनी उजवा हात गार पाण्याच्या बादलीत बुडवला, तोच हात उकळत्या काहिलीत घालून चिमूटभर पाक उचलला, बोटांत त्याची गोळी वळली आणि म्हणाले, "उतरवा." माणसांनी काहील उतरवली. हाताला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

माझी आई आज हिंडतेफिरते आहे ती दौंडच्या डॉक्टरांमुळे आणि त्या हातामुळे. निदान तीन हिवाळे तरी मी असंच समजत होतो.

मी प्राथमिक शाळेत मास्तर. बदली होऊन खुटबावला आलो आणि आप्पांच्या गुऱ्हाळाला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बरोबर फक्त आई. जन्मभर अंगणवाडी चालवलेली, त्यामुळे समोरचा सत्तरीचा असला तरी त्याला हात धुवून यायला सांगणारी. आईची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी दौंडला डायलिसिस, सकाळी सातची पहिली पाळी. सातला हजर नसलं की खाट दुसऱ्याला जाते, कारण बाहेर माणसं बसलेलीच असतात. आणि एक वार चुकला की आईच्या पायांवर सूज यायची, मग छातीत पाणी भरायचं, मग श्वास लागायचा. मोटारसायकलवर मागे बसवून दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला ती उतरली तेव्हा तिची बोटं माझ्या स्वेटरमधून सुटेनात, पहाटेच्या वाऱ्याने इतकी गारठली होती. त्या संध्याकाळी आप्पा दारात आले. म्हणाले, "गुरुजी, आक्कांना आता आपली कालवड नेईल."

कालवड म्हणजे त्यांची इलेक्ट्रिक गाडी. पुण्यातल्या कुणाकडून तरी जुनी घेतलेली, पांढरी, चार माणसं बसली की वर एक काठीसुद्धा मावणार नाही एवढी. ती घेताना साऱ्या गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. पारावरची मंडळी विचारायची, "आप्पा, हिचा रिमोट कुठं हरवला?" आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "गुळव्याचे कान शाबूत पायजेत. पाक बोलतोय त्ये ऐकू आलं न्हाई तर ढेप बसत न्हाई. डिझेलच्या गाडीत बसून माझं कान गेलं असतं." गाडी निवडायला हे कारण जगात दुसऱ्या कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. गाडी गुऱ्हाळात उभी असल्यामुळे तिला कायम गुळाचा वास, आणि वासामागून मुंग्या. डॅशबोर्डवरून, पट्ट्यावरून, आरशामागून मुंग्यांची रांग चाललेली असायची आणि आप्पा त्यांना कधी मारू द्यायचे नाहीत. "बसू द्या, त्यांचं वजन किती?" म्हणायचे.

आप्पा मुळात मेंढपाळांच्या घरातले. आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा, बाप खुटबावला स्थिरावला, आणि आप्पांनी ऊस लावून गुऱ्हाळ घातलं. जनावर कसं सांभाळायचं हे त्यांच्या हाडात होतं. तिथेच घोटाळा झाला.

बैल नांगरावरून सुटला, घामेजला, की त्याला लगेच वैरणपाणी दाखवायचं नाही. आधी गार होऊ द्यायचं. हा नियम आप्पांनी गाडीलाही लावला. दौंडहून नाहीतर बाजारातून आली की ती निवांत उभी राहायची, आणि चार्जिंगची वायर आप्पा लावायचे ते पार पहाटे, चार वाजता. "तापल्या अंगानं दाणा खाल्ला तर पोट धरतंय," असं मला त्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं. मी बी.एड. झालेला माणूस, पण मला ते पटलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते खपूनही गेलं.

डिसेंबरात थंडी पडली. गारठलेली बॅटरी चार्जही हळू होते आणि दमतेही लवकर, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. त्यात पहाटे शिवारातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि व्होल्टेज पार बसायचं. एका शुक्रवारी निघताना गाडीने अठ्ठेचाळीस किलोमीटर दाखवले. दौंड पस्तीस. आप्पा म्हणाले, "जायापुरतं लई झालं. येतानाचं तिथं बगू." चौफुला गेला तेव्हा आकडा वीस होता, पुढे दहा, आणि पाटसच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला गेली ती थांबलीच. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून शेजारून जात होत्या. आई मागच्या सीटवर शाल घट्ट धरून बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. आई बोलत नाही म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

शेवटी कांद्याच्या एका टेम्पोने आम्हाला नेलं. पोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. खाट गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारची जागा मिळाली, तोवर भाड्याच्या जीपने घरी परतलो. मधले तीस तास आई उशांना टेकून बसून होती, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. ते तीस तास मी विसरलेलो नाही.

गाडी ट्रॅक्टरला बांधून गावात आली. पारावरून, शाळेवरून, डेअरीवरून. आप्पा तिच्या स्टिअरिंगवर ताठ बसले होते आणि सगळं गाव बघत होतं. आल्यावर ते आमच्या दारात उभे राहिले. माफी हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नव्हता. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि आईला म्हणाले, "आक्का, जनावर वळखायला चुकलो."

आई धापा टाकत म्हणाली, "मग ओळखा आता. मी काही दुसऱ्या गाडीत बसायची नाही."

हे तिने का म्हटलं ते तिलाच माहीत. पण आप्पांनी तेवढंच धरलं.

त्यानंतरचा महिनाभर आप्पांनी जे केलं ते पाहून गावाची खात्रीच झाली की म्हातारा कामातून गेला. रोज संध्याकाळी आणि रोज पहाटे ते जमिनीवर गोणपाट टाकायचे, पांढऱ्या पायजम्यानिशी त्यावर उताणे पडायचे, गाडीच्या पोटाखाली सरकायचे आणि उजवा तळहात बॅटरीच्या पत्र्याला लावून डोळे मिटून पडून राहायचे. बाहेरून फक्त दोन पाय दिसायचे. मग बाहेर येऊन कोळशाने गुऱ्हाळाच्या भिंतीवर काहीतरी लिहायचे. मी जाऊन वाचलं. एका बाजूला शब्द, एका बाजूला आकडा. शब्द चारच होते: साय, ताक, माठ, दहिवर. हाताला सुखावणाऱ्या उबेला साय, त्याखाली ताक, गारव्याला माठ, आणि गवतावरच्या दवासारखं बोचरं गार लागलं की दहिवर. शेजारी त्या दिवशी गाडी खरोखर किती किलोमीटर चालली तो आकडा.

मी शहाणपणाने विचारलं, "आप्पा, विहीर का नाही लिहिली? विहिरीचं पाणी गार असतं की."

ते गाडीखालूनच हसले. "थंडीत पहाटंचं इहिरीचं पानी कोमट आसतंय, गुरुजी. शाळंत शिकवत न्हाईत व्हय?"

महिन्याने भिंत काळी झाली आणि आप्पा तयार झाले. गाडी सुरू केल्यावर ती काय आकडा दाखवते याच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. पत्र्याला हात लावायचे आणि सांगायचे, "ती म्हणतीया ब्याण्णव. म्हणू दे. चौऱ्याऐंशी जाईल." आणि गाडी चौऱ्याऐंशीच जायची. फार तर एखादा इकडेतिकडे. मी पैज लावायचं सोडून दिलं. पारावरची मंडळी आधी हसायला यायची, मग आकडा ऐकायला येऊ लागली, आणि राहू गावचा एक बागायतदार नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन मुद्दाम हात लावून घ्यायला आला तेव्हा तर आप्पांनी टोपीसुद्धा बदलली होती. मला तेव्हा असा अभिमान वाटला की जणू हात माझाच.

बैलाचा नियम त्यांनी उलटा केला. "बैलाचं येगळं, हिचं येगळं. ही घामेजली आसंल तवाच हिला खायला घालायचं." आली की लगेच वायर. पण पोटभर नाही. थोडं ठेवायचं, आणि ते पहाटे असं द्यायचं की निघायच्या वेळी शेवटचा घास तोंडात असेल, म्हणजे अंग गरम राहतं. बाकी सगळं रात्रीच, मोटारी सुरू होऊन व्होल्टेज पडायच्या आत. मग गाडी उभी कुठे करायची यावर आठ दिवस गेले. काहिलीखालच्या चुलवाणाची मागची भिंत रात्रंदिवस तापलेली असते. आप्पांनी गाडी आधी भिंतीला खेटून लावली, हात लावला आणि दचकून पुढे घेतली. मग एकेक पाऊल मोजत गेले. अकराव्या पावलावर थांबले. "आठ पावलांवर आच हाय, अकरा पावलांवर ऊब. ऊब येगळी, आच येगळी. आचेनं गूळ बी करपतोय आन् बॅटरी बी." तिथे त्यांनी चुन्याने रेघ मारली. हिवाळाभर गाडीचं तोंड त्या रेघेवर.

चालवणंही तसंच. ताशी पंचेचाळीसच्या वर नाही. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला हॉर्न मारून पुढे जायचे. आप्पांना राग यायचा नाही. उतार आला की पाय अलगद उचलायचे आणि बॅटरीत परत भर पडायला लागली की खुशीत म्हणायचे, "पान्हवली बगा." थंडीत सुरुवातीचे आठ-दहा किलोमीटर ती काही परत द्यायची नाही. तेव्हा ते तिला दटावत नसत. गोंजारल्यासारखा गिअरच्या खुंटीवर हात ठेवून म्हणायचे, "आंग गरम हू दे तिचं. गारठल्याली गाय कुठं लगीच दूध देती?"

हिटर मात्र वर्ज्य. हिटर बॅटरी खातो. त्याऐवजी चुलवाणात तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून आईच्या पायांखाली, अंगावर आप्पांच्या आजाची काळी घोंगडी. वीट दौंडपर्यंत गरम राहायची. ती आणून द्यायच्या त्या काकू, आप्पांच्या पत्नी. पहाटे सव्वापाचला अंधारातून यायच्या, दार उघडायच्या, वीट ठेवून आईची पावलं तिच्यावर नीट बसवायच्या आणि काही न बोलता आत जायच्या. तीन वर्षांत त्यांचा आवाज मी मोजून दहा-बारा वेळा ऐकला असेल. आप्पा असताना दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती.

डायलिसिसच्या खोलीत आईची पत वाढली. बाकीची माणसं कुडकुडत यायची आणि ही गरम पायांनी. नर्सने विचारलं तर ही सांगायची, "आमची गाडी विटेवर चालते." घोंगडी घडी करून उशाशी ठेवायची आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना आप्पांच्या हाताची गोष्ट सांगायची. गोष्ट दर वेळी थोडी मोठी व्हायची. मी चार तास बाहेर बाकावर वह्या तपासायचो, आप्पा गाडीत बसून मुंग्यांवर नजर ठेवायचे. दवाखान्याच्या आवारात वायर ओढायला परवानगी नव्हती, आणि आमच्या जुन्या गाडीला जलद चार्जरची सोयच नव्हती. त्यामुळे निघताना जे पोटात आहे त्यावरच सत्तर किलोमीटर जाऊन यायचं. त्या शुक्रवारनंतर तीन हिवाळ्यांत आईचा एकही वार चुकला नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी, काहील उतरवताना एका माणसाचा पाय घसरला. तो पडू नये म्हणून आप्पांनी त्याला डाव्या हाताने धरलं, आणि हिंदकळलेला पाक त्यांच्या उजव्या हातावर आला. या वेळी हात पाण्यात बुडवलेला नव्हता. मनगटापर्यंत कातडी गेली. त्यांना दवाखान्यात नेलं, गुऱ्हाळातली सगळी माणसं हादरली, आणि कुणी न सांगता चुलवाण विझलं. हंगामात ते चुलवाण विझलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

मंगळवारी पहाटे बाहेर आलो तर गवत पांढरं झालं होतं. गाडी रेघेवर होती, पण भिंत थंडगार. आप्पा हाताला हे एवढं बँडेज बांधून, मफलर गुंडाळून तिथे उभे. डॉक्टरांनी झोपायला सांगितलं होतं. गाडी मी चालवणार होतो. मी ती सुरू केली. तिने ब्याऐंशी दाखवले.

मनात म्हटलं, सत्तर जायचंय, बारा शिल्लक आहेत. आई गारठलीय, आज थोडा हिटर लावू, साठने जाऊ, लवकर पोचू. पण पाटसच्या अलीकडची ती जागा डोळ्यांसमोरून हलेना. या वेळी जाताना नाही, तर येताना बंद पडली असती. डायलिसिस झाल्यावर आईला उभंही राहवत नाही.

आप्पा गोणपाटावर आडवे झाले, डावा हात आत घातला, बराच वेळ पडून राहिले आणि बाहेर आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "ह्या हाताला काय कळंना गुरुजी. मुका हाय ह्यो."

काकू वीट घेऊन आल्या होत्या. घरातल्या चुलीवर तापवलेली. त्यांनी ती ठेवली, आईची पावलं तिच्यावर बसवली, गाडीचं दार लावलं. मग पदर खोचला, गोणपाटावर बसल्या, तिथून एका कुशीवर झाल्या आणि हात आत घातला. क्षणभरच. बाहेर काढून हात झटकत म्हणाल्या, "दहिवर. एकाहत्तर."

आप्पा म्हणाले, "तुला गं काय कळतंय त्यातलं?"

काकू उठल्या. आवाज चढवला नाही. "भिंतीवरचं तुमचं आकडं मी बी रोज वाचतीया. चाळीस वर्सं तुमी वर हात घालून सांगताय, पाक झाला म्हून. खाली जाळ कमीजास्त कोन करत हुतं? तुमी 'उतरवा' म्हनायच्या आदी मी जाळातलं चिपाड वडून घेतल्यालं आसतंय. न्हाई तर तुमचा गूळ कवाच करपला आसता."

चुलवाणाला जाळ घालायला काकू बसायच्या, हे मी तीन वर्षं रोज पाहत होतो. पाहत होतो आणि दिसलं नव्हतं. आप्पा काकूंकडे बघत राहिले. चाळीस वर्षांतल्या कितीतरी काहिली त्यांनी तेवढ्यात पुन्हा उतरवल्या असाव्यात. मग त्यांनी मागचं दार उघडलं, आईशेजारी बसले आणि मला म्हणाले, "एकाहत्तर. हिटर न्हाई. चाळीसनं चला."

चाळीसने गेलो. सायकलींनीही मागे टाकावं असं. पावणेसातला दौंड. आईला आत खाट मिळाली. येताना ऊन होतं, तरी मी चाळीस सोडलं नाही. उतारावर गाडी पान्हवली तेव्हा मीच म्हणालो, "पान्हवली, आप्पा," तर नुसते हुंकारले. चौफुल्याला आकडा पंधरा झाला, गावाच्या वेशीवर दोन. गुऱ्हाळाच्या फाटकात गाडी वळली, अंगणात आली, आणि चुन्याच्या रेघेपासून गाडीभर अंतरावर निपचित थांबली. मीटरवर त्या दिवसाचे एकाहत्तर भरले होते. बाजारपेठेतून आईची औषधं घ्यायला घातलेला वळसा काकूंनी धरला होता की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

चुलवाण पुन्हा पेटलेलं होतं. काकू जाळापुढेच बसल्या होत्या. गुऱ्हाळातली माणसं धावली, मी उतरलो, आप्पा एका हाताने ढकलायला लागले. आईला म्हटलं उतर, तर म्हणाली, "मी कशाला उतरू? गाडी आमची आहे." तिच्यासकट गाडी रेघेवर नेली.

आप्पा सरळ भिंतीपाशी गेले. कोळसा डाव्या हातात घेतला. तीन वर्षांत त्या भिंतीवर त्यांनी दुसऱ्या कुणाला एक रेघ मारू दिली नव्हती. वाकड्यातिकड्या अक्षरांत, पहिलीतल्या पोराने गिरवावं तसं, त्यांनी लिहिलं: दहिवर, ७१. मग काहिलीभोवतीच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही माझी मालकीन. हिच्या हातापुढं माझा हात काय बी न्हाई." आणि कोळसा काकूंच्या पुढे धरला.

काकूंनी आधी चुलवाणात चिपाडाचा पुंजका सारला, पदराला हात पुसला आणि मगच तो घेतला.

आता माझी बदली न्हावऱ्याला झाली आहे. आईचं डायलिसिस शिरूरला होतं, अंतर बरंच कमी. आता नेणाऱ्या भाड्याच्या गाडीत हिटर असतो, पण आई म्हणते त्या विटेची सर नाही. सुट्टीत आम्ही खुटबावला जातो. आप्पांचा हात बरा झाला आहे, नुसती कातडी गुलाबी राहिली आहे, आणि पाकाची गोळी ते पुन्हा त्याच हाताने वळतात. फक्त "उतरवा" म्हणण्याआधी आता एकदा खाली जाळाकडे बघतात. भिंतीवरचा मजकूर दिवाळीला चुना लावतानाही कुणी पुसत नाही. वर आप्पांचे तीन हिवाळे, खाली डाव्या हाताची ती एक वाकडी ओळ, आणि तिथून पुढे सगळं अक्षर काकूंचं आहे.